हलक्या खाऊची कुळकथा

मराठी भाषेतला 'हलका' हा शब्द मोठा फसवा आहे. ताडी घालून मळलेले पीठ रात्रभरात फुगून आले की घरची बाई समाधानाने म्हणते, 'यंदा फुगे हलके होणार.' आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, 'आठवडाभर हलके खा.' आणि बाजारातून आणलेले कापड दोन धुण्यांत विरले की आपणच कुरकुरतो, 'माल हलका निघाला.' एके ठिकाणी हा शब्द पिठाच्या फुगण्याविषयी बोलतो, दुसरीकडे पोटावर पडणाऱ्या भाराविषयी, तर तिसरीकडे वस्तूच्या प्रतीविषयी. आज आम्ही ज्या खाऊची कुळकथा सांगण्यास बसलो आहोत, त्याच्या इतिहासात हे तिन्ही अर्थ एकमेकांत पुरते गुंतलेले आहेत. तो खाऊ म्हणजे घरी भाजलेले चॉकलेट चिप मफिन.

एक पिढीपूर्वी आपल्या घरांतून नाताळच्या केकचे मिश्रण पत्र्याच्या डब्यात भरून गावच्या बेकरीत पाठवले जाई आणि भट्टीतून ते भाजून येईपर्यंत मुले दाराशी ताटकळत असत. आता ओव्हन घरोघरी आला आहे. नाताळची वाट न पाहता शाळेच्या डब्यासाठी, वाढदिवसासाठी, कधी नुसत्या रविवारच्या चहासाठीही मफिने भाजली जातात. छोट्या पेल्यासारख्या साच्यात भाजलेला, पावाहून मऊ पण केकहून कमी गोड असा हा पदार्थ; त्यात चॉकलेटचे दाणे पेरले की मुले खूश. आणि मग आई विचारते, 'हे जरा हलके करता येईल का? लोणी कमी करून, साखर कमी करून, मैद्याऐवजी कणीक घालून?' हा प्रश्न आजकालच्या आरोग्यविषयक लेखांतून आला असावा, असा आपला समज होतो. वस्तुतः तो फार जुना आहे. चॉकलेट हलके की जड, यावर तर आपल्या धर्मपंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. पण त्या वादाकडे वळण्यापूर्वी मफिनची जन्मकथा पाहू.

इंग्लंडमधील मूळ मफिन म्हणजे यीस्टने फुगवलेली, तव्यावर शेकलेली चपटी भाकरीवजा पोळी. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या प्रसिद्ध पाकपुस्तकात तिची कृती आहे. डोक्यावर पाटी आणि हातात घंटा घेऊन मफिन विकणारा फेरीवाला ही लंडनच्या रस्त्यावरची एक ठरलेली आकृती होती. त्या मफिनमध्ये साखर नाममात्र असे आणि चॉकलेटचा तर प्रश्नच नव्हता. आपण आज ज्याला मफिन म्हणतो ते अमेरिकेत घडले, आणि ते घडवले राखेने.

हे ऐकून वाचकांनी दचकू नये. आपल्याकडे पापडखार असतो तसाच तो प्रकार. अमेरिकेत वसाहतवाल्यांनी शेतीसाठी रानेच्या राने तोडून जाळली. त्या लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी निथळून, कढईत आटवून खार काढीत. तो पुन्हा भट्टीत तापवून शुभ्र केला की त्याला 'पर्लअॅश' म्हणत. हा धंदा एवढा महत्त्वाचा होता, की अमेरिकेच्या संघराज्याने दिलेले पहिले पेटंट याच खाराच्या सुधारित पद्धतीसाठी होते. ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्स याला ते मिळाले आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही आहे. काच, साबण आणि लोकरीच्या धुलाईसाठी हा खार जहाजे भरभरून जाई. पण घराघरांतील बायकांना त्याचा आणखी एक उपयोग सापडला. आंबट दूध किंवा काकवी घातलेल्या पिठात चिमूटभर खार टाकला की मिश्रण फसफसते, त्यात वायूचे बुडबुडे भरतात आणि भाजताना ते फुगते. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांनी लिहिलेले 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापले गेले. अमेरिकन बाईने लिहून अमेरिकेत प्रसिद्ध केलेले हे पहिले पाकपुस्तक मानले जाते, आणि त्यातील काही कृतींत पर्लअॅश आहे. बाईंनी मुखपृष्ठावर आपली ओळख 'एक अमेरिकन अनाथ' एवढीच दिली आहे.

चिमूटभर खाराचे एवढे कौतुक कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर बाईच्या दंडात आहे. त्याआधी केक हलका करायचा म्हणजे अंडी अर्धा-अर्धा तास, कधी त्याहून अधिक, काटक्यांच्या जुडीने घुसळीत बसावे लागे. नाहीतर यीस्टचे पीठ मळून रात्रभर उबेला ठेवायचे. गोव्यातील पाववाल्यांनी माडाची सूर वापरली आणि आपल्या आज्यांनी फुग्यांसाठी ताडी वापरली, तीही याच वाटेने जाणारी. तिलाही वेळ लागतोच. खाराने हे काम काही मिनिटांवर आणले. पुढे पर्लअॅशची जागा खाण्याच्या सोड्याने घेतली. १८४६ पासून अमेरिकेत त्याचा कारखानदारी व्यापार सुरू झाला. त्याच्या तीन वर्षे आधी बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली होती. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून त्याने हा उद्योग केला. 'हलके खा' असे सांगून तो थांबला नाही, त्याने हलके करूनही दिले. आमच्या मते नवऱ्यांच्या इतिहासात या गृहस्थाची नोंद व्हायला हवी. १८५६ साली हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी फॉस्फेटवर आधारलेल्या आम्लाचे पेटंट घेतले आणि बेकिंग पावडर स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. १८५९ साली बोस्टनच्या नॅथॅनिएल वॉटरमन याने खळगे असलेल्या ओतीव लोखंडी तव्याचे पेटंट घेतले. मफिनचा साचा तो हाच.

त्याच सुमारास 'हलके' या शब्दाचा दुसरा अर्थ या पदार्थाला येऊन चिकटला. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक मद्यपानाविरुद्ध बोलता बोलता पावाकडे वळला. कोंडा काढून टाकलेले पांढरे पीठ हे पाप नसले तरी पापाच्या वाटेवरचे पाऊल आहे, असा त्याच्या शिकवणीचा एकूण सूर होता. मांस, मसाले, दारू, चहा, सारे सोडून कोंड्यासह दळलेल्या गव्हाचा पाव खावा, हा त्याचा उपदेश. १८३७ साली त्याने पाव आणि पाव भाजण्याची कला यावर एक ग्रंथच लिहिला. त्यातील एक मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. बेकरीवाल्याला केवळ नफ्याची चिंता असते, म्हणून पाव घरीच भाजावा आणि तो आईने भाजावा, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या अनुयायांनी कोंडायुक्त पीठ आणि पाणी एवढ्यावरच भागवून, लोखंडी साच्यात भाजलेले 'ग्रॅहम जेम' लोकप्रिय केले. आजच्या 'आरोग्यदायी मफिन'चे हे सख्खे पणजोबा. ते अर्थातच दगडासारखे असत. पण पोटाला हलके, असे त्यांचे भक्त सांगत. आणि 'घरी केलेले' व 'हलके' या दोन शब्दांची जी जोडगोळी आज प्रत्येक पाककृतीच्या मथळ्यावर दिसते, ती ग्रॅहमनेच जुळवून दिली. या जोडगोळीचा भार आईच्या खांद्यावर पडतो, हे त्याला जाणवले होते की नाही कोण जाणे.

आता चॉकलेटकडे वळू. इथे कॅथॉलिक वाचकाला आपल्या घरचीच माणसे भेटतील.

कोकोचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. माया आणि अॅझटेक लोक त्याच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात घुसळून फेसाळ पेय करीत. १५४४ साली काही डॉमिनिकन धर्मगुरू केक्ची माया सरदारांना स्पेनचे राजपुत्र फिलिप यांच्या भेटीस घेऊन गेले. त्यांनी आणलेल्या नजराण्यांत चॉकलेट होते, आणि युरोपात चॉकलेट आल्याची लेखी नोंद सापडते ती येथपासून. स्पॅनिश लोकांनी त्यात साखर आणि दालचिनी घातली. मेक्सिकोतील धर्मभगिनींच्या मठांनी या पेयात विशेष प्रावीण्य मिळवले. पाहता पाहता ते पहाटे, दुपारी, रात्री केव्हाही पिण्याचे पेय झाले आणि उपवासकाळ आल्यावर प्रश्न उभा राहिला: चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो काय?

आज हा प्रश्न गमतीचा वाटतो. तेव्हा तो गंभीर होता. त्या काळी उपवासाच्या दिवशी एकच पूर्ण भोजन घेण्याची मुभा असे. कष्टकऱ्यांची दया येऊन चर्चने संध्याकाळी थोडी न्याहारी घेण्यास सवलत दिली होती, तिला 'कोलात्सिओ' म्हणत. या नावाची जन्मकथा सुरेख आहे. संन्यासी मठांतून संध्याकाळी संत जॉन कॅशियन यांच्या 'कोलात्सिओनेस' म्हणजे 'संवाद' या ग्रंथाचे वाचन होई. त्या वाचनाच्या वेळी घोटभर पेय आणि पुढे पावाचा एखादा तुकडा मिळू लागला, आणि ग्रंथाचे नाव खाण्याला पडले. युरोपातील काही भाषांत हलक्या अल्पोपाहाराला आजही त्याच कुळातला शब्द आहे. म्हणजे 'हलका खाऊ' ही कल्पना आहारतज्ज्ञांच्या आधी मठवासीयांनी मांडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पेयाने उपवास मोडत नाही, हे तत्त्व जुने होते. संत थॉमस अक्विनास यांनी तर पचनासाठी घेतलेल्या औषधी पाकानेही उपवास मोडत नाही, असे मत दिले होते. मग चॉकलेट हे पेय, औषध की अन्न? अंतोनिओ दे लेओन पिनेलो या विद्वान कायदेपंडिताने १६३६ साली माद्रिदमध्ये याच एका प्रश्नावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. वादात धर्मगुरूंचे संघही उतरले. सामान्यतः येशूसंघीयांचा कल सवलतीकडे, तर डॉमिनिकनांचा कडकपणाकडे असे. अखेर १६६४ साली कार्डिनल फ्रान्चेस्को मारिया ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये लॅटिन प्रबंध प्रसिद्ध करून चॉकलेट हे पेय असल्याने त्याने उपवास मोडत नाही, असे प्रतिपादन केले. पुष्कळांनी ते मानले.

या वादात आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक बारकावा. चॉकलेट कशात मिसळले आहे, हे पंडितांनी पुनःपुन्हा विचारले. नुसत्या पाण्यात असेल तर एक न्याय. त्यात दूध, अंडी, मक्याचे पीठ घालून दाट केले असेल तर दुसरा. आणि किती घेतले, हेही त्यांनी विचारले. निव्वळ कोकोला त्यांनी दोषी धरले नाही, की निर्दोषही ठरवले नाही. आजची आई मफिनच्या बाबतीत जो हिशेब करू पाहते, तो याहून फारसा वेगळा नाही.

चॉकलेटच्या मोहाची एक कथा थॉमस गेज याने लिहून ठेवली आहे. हा इंग्रज मूळचा डॉमिनिकन. पुढे प्रॉटेस्टंट झाला आणि १६४८ साली त्याने आपल्या अमेरिकेतील प्रवासाचे पुस्तक छापले. त्याने कॅथॉलिक चर्च सोडले असल्यामुळे त्याची साक्ष थोडी पारखून घ्यावी लागते. तो सांगतो, की दक्षिण मेक्सिकोतील चियापा शहरातील उच्चकुलीन स्त्रिया पोट नाजूक असल्याचे कारण सांगून मिस्सा चालू असताना दासींकरवी गरम चॉकलेट मागवीत. बिशप बेर्नार्दिनो दे सालाझार यांनी समजावून पाहिले, मग बहिष्काराची तंबी दिली. स्त्रियांनी कॅथिड्रल सोडून मठांच्या चर्चमध्ये जाणे पसंत केले. पुढे बिशप आजारी पडून वारले, आणि त्यांच्या चॉकलेटच्या पेल्यातच विष कालवले होते, अशी कुजबूज गावभर झाली. या कथेतील विष खरे की खोटे, ते असो. आमचे लक्ष वेधून घेतात त्या पेला घेऊन आलेल्या दासी. त्यांच्याविषयी गेज काही लिहीत नाही. मूळ रहिवाशांच्या न्यायासाठी आयुष्य वेचणारे बार्तोलोमे दे लास कासास हे शतकभरापूर्वी याच चियापाचे बिशप होते, हे आठवले म्हणजे त्या मुकेपणाची जाणीव अधिकच होते.

पुढली दोनशे वर्षे चॉकलेट पेयच राहिले. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हौटन यांच्या दाबयंत्राने कोकोतील चरबी वेगळी काढता येऊ लागली. मागे राहणारी पूड पचायला सोपी होती. १८४७ साली इंग्लंडच्या फ्राय कंपनीने त्याच चरबीचा उपयोग करून खाण्याची घट्ट वडी तयार केली. फ्राय, कॅडबरी, राउंट्री ही तिन्ही घराणी क्वेकर पंथाची. दारूला पर्याय म्हणून कोको विकणारी, मजुरांसाठी हवेशीर घरे बांधणारी, युद्धाला विरोध करणारी ही सज्जन माणसे. म्हणूनच पुढची हकीकत अधिक बोचते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील सर्वांत मोठ्या कोको उत्पादकांत साओ तोमे आणि प्रिन्सिपे ही आफ्रिकेच्या पश्चिमेची दोन छोटी बेटे होती. ती पोर्तुगालची. ज्या पोर्तुगालने १५३४ ते १७३९ पर्यंत वसईवर राज्य केले आणि ज्याच्या मिशनऱ्यांकरवी आपल्या पूर्वजांपर्यंत श्रद्धा पोहोचली, तोच हा देश. कायद्याने तेथील गुलामगिरी १८७५ नंतर संपली होती. पण अंगोलातून माणसे 'कंत्राटी' म्हणून बेटांवर आणली जात. कंत्राट पाच वर्षांचे. परंतु परत गेलेला मजूर सहसा कुणी पाहिला नाही. १९०१ साली विल्यम कॅडबरी यांच्या कानी तेथील मजुरांची हकीकत आली. विक्रीस निघालेल्या एका मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत गुरांबरोबर माणसेही किमतीसह मांडलेली होती. १९०६ साली हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने अंगोला आणि बेटे हिंडून या व्यवहाराला 'आधुनिक गुलामगिरी' असे नाव दिले. कॅडबरींनी चौकशीसाठी जोसेफ बर्ट यांना पाठवले, सरकारांशी पत्रव्यवहार केला, वाट पाहिली; आणि या सर्व काळात तेथील कोको विकत घेणे चालूच ठेवले. शेवटी १९०९ च्या मार्चमध्ये तिन्ही क्वेकर कंपन्यांनी खरेदी थांबवली.

मधल्या विलंबावर लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्राने १९०८ साली झोंबरा लेख लिहिला होता. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ च्या डिसेंबरात तो जिंकला. पंचांनी नुकसानभरपाई मंजूर केली ती एक फार्दिंग, म्हणजे त्या वेळच्या इंग्लंडमधले सर्वांत हलके नाणे. कायद्याने तुमचे म्हणणे मान्य, पण तुमच्या अब्रूची किंमत आम्ही एवढीच धरतो, असे त्या बारा माणसांनी न बोलता सांगितले.

कोकोची खरेदी मग गोल्ड कोस्टकडे, आजच्या घानाकडे वळली. तेथे टेटे क्वाशी नावाच्या आफ्रिकी कारागिराने १८७९ च्या सुमारास फर्नांदो पो बेटावरून आणलेल्या बियांतून छोट्या शेतकऱ्यांच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. मळेवाला नाही, चाबूक नाही, आपापल्या तुकड्यावर राबणारी कुटुंबे. ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती तर किती बरे झाले असते!

आता चॉकलेटच्या दाण्यांचा जन्म. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिटमन नावाच्या गावाजवळ रूथ वेकफील्ड आणि त्यांचे पती केनेथ यांनी १९३० साली 'टोल हाउस' नावाचे पांथस्थगृह विकत घेतले. रूथबाई गृहशास्त्राच्या पदवीधर, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या. त्यांच्याविषयी एक दंतकथा फार पसरली आहे: बिस्किटे करताना साहित्य संपले, म्हणून त्यांनी घाईघाईत चॉकलेटची वडी तोडून पिठात टाकली, ते वितळेल असे त्यांना वाटले आणि ते वितळले नाही! ही कथा गोड आहे. पण शिकलेल्या, काटेकोर स्वयंपाकिणीचे श्रेय ती नशिबाला देऊन टाकते. आपल्या प्रसिद्ध बटरस्कॉच बिस्किटाला जोड म्हणून आपण मुद्दाम नवे काही शोधत होतो, असे स्वतः रूथबाईंनी पुढे सांगितले होते. १९३८ च्या त्यांच्या पाकपुस्तकातील कृतीत नेस्लेच्या चॉकलेटचे वाटाण्याएवढे तुकडे करून घालायला सांगितले आहे. ही बिस्किटे इतकी लोकप्रिय झाली, की नेस्लेने बाईंशी करार करून कृती वेष्टनावर छापली, वडीवर रेघा पाडल्या, तोडण्यासाठी छोटे हत्यार दिले आणि १९३९-४० च्या सुमारास तयार दाणेच पिशवीत भरून बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात मॅसॅच्युसेट्सच्या घरांतून आघाडीवरच्या मुलांना ही बिस्किटे जाऊ लागली आणि देशभर त्यांची मागणी झाली. दाण्यांची पिशवी फडताळात आली म्हटल्यावर ते बिस्किटापुरते राहणार थोडेच! ते केकमध्ये गेले, पॅनकेकमध्ये गेले, मफिनमध्ये गेले.

येथून पुढे हलक्या मफिनचा इतिहास थोडा हास्यास्पद होतो. १९८७ साली रॉबर्ट कोवाल्स्की या आरोग्यलेखकाच्या पुस्तकाने रोज ओटच्या कोंड्याची मफिने खाऊन कोलेस्टेरॉल उतरवण्याचा मार्ग सांगितला आणि अमेरिकेत त्या कोंड्याचा दुष्काळ पडावा अशी झुंबड उडाली. १९९० च्या जानेवारीत एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छोट्या पाहणीचा निष्कर्ष आला, की ओटच्या कोंड्याचा परिणाम साध्या मैद्याच्या पदार्थांहून फारसा निराळा नाही. लाट ओसरली. पुढे अधिक संशोधन होऊन १९९७ मध्ये अमेरिकी सरकारने ओटमधील विद्राव्य तंतूंचा उपयोग मान्य केला. म्हणजे कोवाल्स्कीही पूर्ण चुकला नव्हता. पण मधल्या काळात मफिनला 'आरोग्यदायी' असे जे प्रशस्तिपत्र मिळाले, त्याच्या आडून ते वाढतच गेले. लिसा यंग आणि मॅरियन नेस्ले या संशोधिकांनी २००२ साली दाखवून दिले, की बाजारातील मफिन सरकारी प्रमाणापेक्षा तिपटीहून अधिक मोठे झाले आहे. (या नेस्लेबाईंचा त्या कंपनीशी काही संबंध नाही; नशिबाची थट्टा एवढेच.) चरबी कमी केल्याची जाहिरात करायची, चव जाऊ नये म्हणून साखर वाढवायची आणि आकार तिप्पट करायचा: याला हलके म्हणणे म्हणजे कापडवाल्याने म्हटलेले हलकेच.

जुन्या धर्मपंडितांचे दोन प्रश्न, 'कशात मिसळले?' आणि 'किती?', या मफिनला विचारून पाहावेत. बारा मफिनांसाठी १२० ग्रॅम कणीक आणि १२० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम साखर, दोन अंडी, दीडशे ग्रॅम आंबट दही, पन्नास मिलिलिटर तेल आणि सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत पिकलेली दोन केळी. सुकेळी करणाऱ्या वसईच्या माणसाला पिकल्या केळ्याची गोडी किती, हे सांगायला नको. ते साखरेचे आणि लोण्याचे निम्मे काम करते. दह्याचे आम्ल आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा मिळून तेच करतात, जे अमेलिया सिमन्सच्या काळी आंबट दूध आणि राखेचा खार करीत. जोडीला चमचाभर बेकिंग पावडर. कोरडे वेगळे, ओले वेगळे, आणि दोन्ही एकत्र केल्यावर दहाबारा वेळा उलथायचे, अधिक नाही. फार घोटले तर पिठाला चिवटपणा येतो आणि आत बोगदे पडतात. यात ६० ग्रॅम चॉकलेट घातले तर प्रत्येक मफिनमागे सुमारे १९० कॅलरी होतात. दुकानातल्या मोठ्या मफिनमध्ये चारशेच्या पुढे असतात. फरक पडला तो चॉकलेट वगळून नव्हे.

प्रश्न उरतो त्या ६० ग्रॅम चॉकलेटचा. जगातील निम्म्याहून अधिक कोको आज आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. कोकोच्या बागांतील बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार थांबवण्याचा करार मोठ्या कंपन्यांनी २००१ साली केला आणि त्यासाठी २००५ ची मुदत घातली. मुदत टळली, पुन्हा वाढवली गेली. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०२० सालच्या अहवालानुसार २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत कोकोच्या कामावरील बालमजुरांची संख्या सुमारे १५ लाख ६० हजार होती. कोयता चालवणे, ओझी वाहणे, औषध फवारणे ही त्यांची कामे. छोट्या शेतकऱ्याला दाम इतका कमी मिळतो, की मजूर लावण्याऐवजी घरचे किंवा शेजारचे मूल कामाला लागते. २०२४ साली पाऊस, रोग आणि जुनी झालेली झाडे यांमुळे पीक घटले आणि कोकोचा भाव टनामागे १०,००० डॉलरच्याही वर गेला. परंतु या देशांत शेतकऱ्याचा दर सरकार हंगामाच्या आधी ठरवते, त्यामुळे तेजीचा मोठा भाग त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

त्या तेजीची झळ आपल्या फडताळापर्यंत मात्र आली. बाजारात 'चॉकलेट चिप्स' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पिशव्यांत कोकोच्या चरबीऐवजी वनस्पती तेल घट्ट करून घातलेले असते आणि साखर सर्वांत जास्त. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. चष्मा लावून वाचावे. त्यापेक्षा ज्यावर कोकोचे प्रमाण आणि शक्य तर मळ्याचे किंवा शेतकरी संघाचे नाव छापलेले आहे, अशी काळ्या चॉकलेटची एक वडी घ्यावी. केरळात १९६० च्या दशकापासून कोकोची लागवड होत आली आहे आणि तेथील कोकोची चॉकलेटे आता आपल्याकडेही मिळतात. ती महाग पडते, म्हणून आपोआपच कमी घातली जाते. रूथबाईंच्या कृतीप्रमाणे ती सुरीने तोडावी, पण वाटाण्याऐवजी मुगाच्या दाण्याएवढी. म्हणजे थोडक्यात घासागणिक चव लागते. त्यातली चमचाभर बाजूला ठेवून, साचे दोन तृतीयांश भरल्यावर वरून पेरावी, आणि १८० अंशांवर वीसेक मिनिटे भाजावे.